जेवणाची वेळ ठरलेली आहे

मी लहान मुलांची आहारतज्ज्ञ. पुण्यात काम करते. माझ्या कामाचा मोठा भाग प्रेडर-विली सिंड्रोम असलेल्या मुलांच्या घरांसोबत जातो. हा जनुकीय आजार साधारण १५ ते २५ हजार बाळांमागे एकाला होतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचं काम त्यात बिघडतं आणि पोट भरल्याची जाणीव मुलाला होत नाही. पानावरून उठतानाही भूक तशीच असते. दिवसभर असते, पुढे आयुष्यभर असते. त्यातून या मुलांच्या अंगात स्नायू कमी, चरबी जास्त, त्यामुळे शरीराला लागणारं अन्न इतरांपेक्षा कमी. भूक मोठी आणि गरज लहान, अशा कात्रीत ही घरं राहतात.

भूक घालवता येत नाही, पण भुकेभोवतीची धास्ती कमी करता येते. कधी मिळणार, काय मिळणार, किती मिळणार हे पक्कं ठाऊक असलं की मूल शांत होतं. म्हणून या घरांत वेळापत्रक हेच औषध आहे, आणि ते एकट्या आईच्या हातून देता येत नाही. आजी, शाळा, दुकानदार, शेजारी यांतला एक जण फिरला तरी ते लागू पडत नाही. माझा दिवस या सगळ्यांना त्या वेळापत्रकाशी जोडण्यात जातो. गणपती आठवड्यावर आलेले असतानाचा हा त्यातलाच एक दिवस.

सकाळी ६.१५

पहिला फोन नाशिक जिल्ह्यातून. मुलगा तेरा वर्षांचा. काल घरचे सगळे नात्यातल्या बारशाला गेले होते. रात्री त्याला दोनदा उलटी झाली.

“पोट जरा फुगलंय, ताई. पण दुखत नाही म्हणतो. तापही नाही. ओवा देऊन बघू का?”

दुसऱ्या कुठल्याही घरात मी हो म्हटलं असतं. इथे नाही. या मुलांना उलटी सहसा होतच नाही, त्यामुळे झालेली उलटी ही धोक्याची खूण मानायची. वेदना जाणवण्याची त्यांची पातळी इतकी वरची असते की आत मोठं काही बिघडलेलं असतानाही मूल ‘दुखत नाही’ म्हणतं. शरीराचं तापमानही नीट सांभाळलं जात नसल्यामुळे ताप नाही हा दिलासा धरता येत नाही. एका बैठकीत खूप खाल्लं गेलं तर जठर ताणलं जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, ते फाटू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा हातात काही तासच असतात.

“ओवा नको, पाणीही नको. आत्ता निघा. तालुक्याला थांबू नका, जिथे सर्जन आहेत तिथेच जा. आणि कार्ड सोबत घ्या.”

हे कार्ड आम्ही प्रत्येक घराला करून देतो. मराठीत आणि इंग्रजीत, एकाच पानावर. आजाराचं नाव, वेदना कमी जाणवतात, उलटी गंभीर समजावी, पोटाचा एक्स-रे काढावा, भूल आणि झोपेची औषधं जपून द्यावीत. दुर्मीळ आजार कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेला असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. आईला रडू फुटलेलं असताना सगळं सांगता येईल अशीही नाही. तेव्हा कार्ड बोलतं. मी त्याचा फोटो आईच्या मोबाइलवर पुन्हा पाठवते आणि तिथल्या डॉक्टरांना माझा नंबर द्यायला सांगते.

सकाळी ७.४५

घरभेटीला निघण्याआधी पर्स रिकामी करायची. खडीसाखर नाही, बडीशेपेची पुडी नाही, चिकटलेली गोळीसुद्धा नाही. या मुलांचं नाक आणि नजर अन्नाच्या बाबतीत फार तल्लख असते. माझ्या पर्समध्ये काही आहे असा नुसता संशय आला तरी माझं तासभराचं बोलणं मुलाच्या कानावर पडणार नाही.

घर सिंहगड रस्त्यावरचं. मुलगी नऊ वर्षांची. स्वयंपाकघराला दार आहे आणि दाराला कुलूप. फ्रिज आत, धान्याचे डबे आत, कचऱ्याची बादलीसुद्धा आतच. किल्ली आजींच्या कमरेला. बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाचा तक्ता: ८.०० नाश्ता, १०.३० फळ, १.०० जेवण, ४.३० मधलं खाणं, ७.३० जेवण. प्रत्येक वेळेसमोर पदार्थाचं चित्र.

आठ वाजता ताट येतं. एक नाचणीचं धिरडं, वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ, साय काढलेलं दूध. ती तक्त्याकडे बघते, ताटाकडे बघते, चित्राशी ताळा जमतो आणि खायला लागते. दिवसभराचा हिशेब मी उंचीवरून काढते. वजन स्थिर ठेवायचं तर दर सेंटिमीटरमागे १० ते ११ कॅलरी. हिची उंची ११८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १२०० कॅलरी. तिच्या वर्गातल्या मैत्रिणींना १७०० च्या आसपास लागतात. एवढ्यात पाच वेळा खाणं बसवायचं म्हणजे दिवसाचं तेल तीन चहाचे चमचे, साखर जवळजवळ नाही, ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबिरीने झाकलेला. दुधी, पडवळ, काकडी, मुळा, पालेभाज्या यांनी ताट भरलेलं दिसतं. ते भरलेलं दिसणं तिच्यासाठी महत्त्वाचं आहे. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या वेगळ्या, कारण इतक्या मोजक्या अन्नातून सगळं पुरं होत नाही.

कुलूप लावायला सुरुवातीला सगळ्यात मोठा विरोध आजींचा होता. ज्या बाईने आयुष्यभर दारात आलेल्याला विन्मुख पाठवलं नाही, तिने नातीपासून डबे लपवायचे हे तिला पाप वाटत होतं. त्यांचं मन माझ्या बोलण्याने वळलं नाही, नातीला पाहून वळलं. दार उघडं असायचं तेव्हा ही मुलगी दिवसभर त्या उंबऱ्याशी उभी असायची. अभ्यास नाही, खेळ नाही. ओट्यावर काय चाललंय, आजी कधी पाठ वळवते, याच्याकडेच सगळं लक्ष. कुलूप आल्यावर पहिले काही दिवस भयंकर गेले. मग एका सकाळी ती आपणहून बाहेरच्या खोलीत चित्रांचे तुकडे जुळवत बसली. ही मुलं त्यात फार तरबेज असतात. आजी आज मला कौतुकाने तिने जुळवलेला राजगड दाखवतात.

“आधी वाटायचं, कुलूप तिला लावतोय,” त्या म्हणतात. “आता कळतं, तिची सुटका झाली.”

लिंडा गोराश आणि जॅनिस फॉर्स्टर या अमेरिकन डॉक्टरांनी या आजारासाठी जे सूत्र मांडलं ते नेमकं हेच आहे. जेवण मिळेल की नाही याची शंका नको. मधल्या वेळी काही हाती लागेल याची आशा नको. आशाच नसली की निराशाही नाही. आजींना ही नावं ठाऊक नाहीत, पण सूत्र त्यांच्या कमरेला आहे.

सकाळी १०.१५

रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग. बावीस दिवसांचं बाळ. अंग कापडासारखं सैल, रडणं अगदी क्षीण, दूध ओढण्याची ताकद नाही. नाकातून घातलेल्या नळीने दूध जातंय. आई काढलेलं दूध सिरिंजमध्ये भरून थेंब थेंब सोडतेय. मिथायलेशन तपासणीचा अहवाल काल आला. रक्ताच्या या एका तपासणीत ९९ टक्क्यांहून अधिक मुलांचं निदान होतं.

बालरोगतज्ज्ञांनी निदान सांगितलं आहे. माझ्यासमोर आई-वडील आणि आईची सासू. पहिला प्रश्न सासूबाईंचा, सुनेकडे बघत: “हिने सातव्या महिन्यापर्यंत नोकरी केली, त्याचं असेल का?”

आधी हे दार बंद करावं लागतं. कागदावर दोन रेघा काढते. पंधरावं गुणसूत्र प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईचं, एक वडिलांचं. त्यातल्या एका पट्ट्यात काही जनुकं अशी आहेत की ती फक्त वडिलांकडून आलेलीच काम करतात. आईकडून आलेली निसर्गतःच बंद असतात. वडिलांकडचा तेवढा तुकडा गळला, तर काम करणारं कोणी उरत नाही. दहातल्या सहा-सात मुलांत असं होतं. बाकीच्यांपैकी बहुतेकांत दोन्ही गुणसूत्रं आईकडूनच आलेली असतात, वडिलांचं नसतंच. अगदी थोड्या मुलांत जनुकं चालू-बंद करणारी खूण चुकते.

आता वडिलांचा चेहरा उतरतो. त्यांनाही सांगते: हे बहुतेकदा बीज तयार होताना अपघाताने घडतं. तुमचं खाणं, व्यसन, वय, कुळ यांचा यात दोष नाही. पहिल्या दोन प्रकारांत पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. तिसऱ्या प्रकारात काही वेळा ती बरीच जास्त असते, म्हणून आपला प्रकार कोणता हे कळायला पुढची तपासणी करायची आहे.

१९५६ मध्ये झुरिकच्या आंद्रेआ प्रेडर, अलेक्सिस लाबहार्ट आणि हाइनरिख विली यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. त्याचं मूळ पंधराव्या गुणसूत्रात आहे हे १९८१ मध्ये कळलं. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं ही मुलं लठ्ठ झाल्यावरच ओळखू यायची. आज बावीस दिवसांच्या बाळाचं निदान हातात आहे, म्हणजे आपल्याकडे तयारीला वेळ आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आत्ता त्या आईला पुढचं काही दिसत नसतं.

पुढचं सांगायचं कसं, हे या कामातलं सगळ्यात अवघड काम. जे बाळ दूध पीत नाही म्हणून ती जागतेय, तेच बाळ पुढे अन्नासाठी जागं राहणार आहे, हे आजच सगळं सांगायचं नसतं. पण एक टप्पा मी पहिल्याच भेटीत सांगते. दोन वर्षांच्या आसपास, भूक वाढण्याच्याही आधी, वजन वाढू लागतं. मूल पूर्वीइतकंच खातं आणि तरी भरतं. नेमका हाच काळ घरच्यांच्या आनंदाचा असतो. नळीने दूध प्यायलेल्या बाळाने बाळसं धरलं, म्हणून मावशी लाडू आणते, आत्या तूप वाढते, कोणी दृष्ट काढतं. त्या बाळशाने हुरळून जायचं नाही, त्या दिवसापासून मोजून वाढायचं. खरी न शमणारी भूक बहुधा त्यानंतर काही वर्षांनी येते. तोवर घराची घडी बसलेली असली तर मुलाला वेगळं काही शिकावं लागत नाही.

सासूबाई गप्प ऐकत असतात. निघताना त्या सिरिंज सुनेच्या हातून घेतात आणि म्हणतात, “तू जरा पाठ टेक. मी बघते.”

दुपारी १२.००

टेबलावर अर्जांचा गठ्ठा. ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन हा या आजारातला मोठा आधार. अमेरिकेत २००० पासून या आजारासाठी त्याला मान्यता आहे. उंची वाढते, स्नायूंना बळ येतं, चरबी कमी होते, बाळ बसायला-चालायला लवकर लागतं. भूक मात्र त्याने जात नाही. रोज रात्री एक टोचणी, वर्षानुवर्षं. डोस मुलाच्या आकारमानावर, म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढणार.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात प्रेडर-विलीसाठीच्या ग्रोथ हॉर्मोनचा समावेश आहे. २०२२ पासून या धोरणाखाली एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती नेमून दिलेल्या केंद्रांमार्फतच. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यांतलं एक. लातूरच्या एका वडिलांची फाइल मी आज पुरी करते: जनुकीय अहवाल, उंची-वजनाचा तक्ता, झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडखळतो का, हे इंजेक्शन सुरू करण्याआधी बघावं लागतं. वडील रोजंदारीवर आहेत, मुंबईला जायचं म्हणजे त्यांची दोन दिवसांची मजुरी जाते. म्हणून एकही कागद कमी पडू नये हे माझं काम.

दुसरा अर्ज दिव्यांग प्रमाणपत्राचा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यात हा आजार नावाने नाही. बहुतेक मुलांना बौद्धिक अक्षमतेखाली प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. पण काही मुलांचा बुद्ध्यांक रेषेच्या जरासा वर येतो. असा मुलगा गणित सोडवतो, मोबाइल दुरुस्त करतो, आणि तरीही त्याला दहा मिनिटं अन्नाजवळ एकटं सोडता येत नाही. त्याची अडचण बुद्ध्यांकाच्या आकड्यात मावत नाही. अशा मुलांसाठी मी वर्तनाचा सविस्तर अहवाल जोडते. दर वेळी त्याचा उपयोग होतो असं नाही, पण नोंद होत राहिली पाहिजे.

दुपारी १.४०

डबा उघडते तेवढ्यात नाशिकहून डॉक्टरांचा फोन. एक्स-रेमध्ये जठर प्रचंड ताणलेलं दिसलं. नळी घालून रिकामं केलंय, सर्जन लक्ष ठेवून आहेत. रक्तपुरवठा शाबूत वाटतो. मुलगा शुद्धीवर आहे आणि सारखं एकच विचारतोय: दुपारचं जेवण कधी?

डॉक्टर विचारतात, याला काय सांगू?

मी सांगते: “खोटं सांगू नका आणि ‘बघू’ म्हणू नका. ‘आज पोटाला सुट्टी आहे, पुढचं डॉक्टर उद्या सकाळच्या राउंडला सांगतील,’ एवढंच सांगा. सगळ्यांनी तेच वाक्य म्हणा. सिस्टरना, मावशींना, वॉर्डबॉयलाही तेच सांगून ठेवा. शेजारच्या खाटेवरचा डबा त्याच्या नजरेआड ठेवा.”

ते ‘ठीक आहे’ म्हणतात आणि वाक्य लिहून घेतात. एका अनोळखी वॉर्डातली पाच-सहा माणसं त्या मुलाशी एकसारखं बोलणार आहेत, हे कळल्यावर मी जेवायला बसते.

दुपारी २.३०

शाळा. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि शिपाईमामा. शिपाईमामांना बैठकीला बोलवा, असा आग्रह मी धरते, कारण मधल्या सुट्टीत डबे ठेवलेल्या खोलीवर नजर त्यांचीच असते.

मुलगा तिसरीत आहे. त्याने दुसऱ्यांचे डबे खाल्ले, फळ्याजवळच्या डस्टबिनमधलं केळं खाल्लं, मुलं त्याला ‘हावरट’ म्हणतात. वर्गशिक्षिकांना वाईट वाटतं, रागही येतो. मी त्यांना सांगते की हा मुलगा चोरी करत नाही, त्याचा मेंदू त्याला सतत उपाशी असल्याचं सांगतोय. तुम्ही दोन दिवस उपाशी असताना समोर डबा उघडा ठेवून ‘मोह आवर’ म्हटलं, तर कसं वाटेल? त्याच्यासमोर मोह ठेवायचाच नाही, हा आपला भाग.

मग कामाचं बोलतो. डबे वर्गाबाहेर, कुलपाच्या कपाटात. त्याचं खाणं घरून येणार, ठरलेल्या वेळी, बाईंच्या नजरेसमोर. पोषण आहाराच्या रांगेत तो उभा राहणार नाही, आणि वाटपानंतर ताटं मोजण्याचं कामही त्याला नको. त्याऐवजी हजेरीपटाचं काम द्या, नीटनेटकेपणा त्याला आवडतो. वाढदिवसाला चॉकलेटं नकोत, पेन्सिली चालतील, आणि हा नियम सगळ्या वर्गाला, एकट्या त्याला नाही. बक्षीस म्हणून खाऊ नको, शिक्षा म्हणून डबा काढून घेणंही नको. दुपारी तो डुलक्या घेतो तो आळस नाही, आजाराचाच भाग आहे. त्याला चालवून आणा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर उत्तर एकदा द्या, दुसऱ्यांदा त्याच्याकडूनच वदवून घ्या. वेळापत्रकात बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा.

पोषण आहाराच्या ताई शेवटी बोलतात. “बाई, मीच द्यायचे त्याला जास्तीचा भात. असा केविलवाणा बघायचा.”

त्यांना दोष देण्यासारखं यात काही नाही. भुकेल्या मुलाला वाढणं हाच आपल्याकडे चांगुलपणा मानला जातो. मी त्यांना विचारते, त्याला द्यायला तुमच्याकडे दुसरं काय आहे? त्या विचार करून म्हणतात, “रोज सकाळी तो माझ्याशी गप्पा मारतो. त्याला माझ्या नातवाच्या गोष्टी आवडतात.” हेच हवं. ही मुलं फार मायाळू असतात, लहानग्यांवर आणि जनावरांवर जीव टाकतात. त्यांना देण्यासारखं अन्नाशिवायही पुष्कळ असतं, ते शोधायची सवय मोठ्यांना लावावी लागते.

दुपारी ४.३०

फोन सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला. मुलगा पंधरा वर्षांचा. वडिलांच्या खिशातून पैसे घेऊन नाक्यावरच्या दुकानातून बिस्किटं घेतो. पैसे नसले तर दुकानदार उधार देतात. आज वडिलांनी मला दुकानदारांशीच बोलायला सांगितलं आहे.

“काका, तो आला की काय म्हणतो?”

“म्हणतो, घरी जेवायला देत नाहीत. पोरगं रडतं हो. मला राहवत नाही.”

त्यांना मी सगळं सांगते: तो पाच वेळा खातो, ‘देत नाहीत’ असं तो म्हणतो तेव्हा त्याला तसं खरंच वाटत असतं, वाढलेल्या वजनामुळे त्याला झोपेत श्वास पुरत नाही आणि साखरेचा आजार होण्याची भीती आहे. दुकानदार बराच वेळ बोलत नाहीत. मग विचारतात, “मग आला तर हाकलून देऊ?”

“नाही. हाकलू नका. ‘तुझ्या पप्पांना विचारल्याशिवाय मी देत नाही’ एवढंच, रोज तेच. आणि तुमच्याकडे पोती लावायचं, वर्तमानपत्रं मोजायचं काही काम असेल तर पप्पा सोबत असताना त्याला सांगा.”

शहरात दारं लावता येतात. गावात प्रत्येक घर उघडं असतं, प्रत्येक काकू ‘ये, बस, खा’ म्हणते, जत्रा असते, पंगती असतात. तिथे कुलूप माणसांच्या मनातच बसवावं लागतं. वडील पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय मांडणार आहेत. काय बोलायचं ते आम्ही दोघं मिळून लिहितो.

संध्याकाळी ६.००

कर्वेनगरमधल्या एका हॉलमध्ये पालकांची बैठक. चहा नाही, बिस्किटं नाहीत. मुलं सोबत असतात. एका बाजूला मुलांसाठी कोडी, मणी, रंग. हातांना काम असलं की स्वतःची कातडी खरवडण्याची सवयही जरा आवरते.

आजचा विषय गणपती. मोदक, पंचखाद्य, दहा दिवस आरतीनंतर प्रसादाचं ताट. प्रसाद नाही कसा म्हणायचा? आईवडील एकमेकांना उपाय सांगतात. एका घरात प्रसाद म्हणून दुर्वा आणि पेरूची फोड. एका घरात मुलगा आरतीचं ताट धरतो आणि टाळ वाजवतो, पण खाण्याचा प्रसाद पाहुणे निघताना पुडीत बांधून दिला जातो, घरात उघडा राहत नाही. मी सांगते की मोदक बंद करू नका. चतुर्थीच्या दुपारी एक मोदक तक्त्यावर चित्रासकट लिहा, त्या जेवणातली भाकरी आणि भात वगळा, आणि दुसरा मोदक कोणाच्याही हातून मिळणार नाही याची खात्री करा. सणही तक्त्यात बसतो, फक्त आधी लिहावा लागतो.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधाबद्दल एक वडील विचारतात. डायझॉक्साइड कोलिन, या आजारातल्या अतिभुकेसाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध, चार वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी. मी जे आहे तेच सांगते. काहींची भूक त्याने कमी होते. रक्तातली साखर वाढणं, अंगावर सूज, केसांची वाढ असे परिणामही होतात. त्याने आजार बरा होत नाही आणि कुलूप निघत नाही. पण इतकी वर्षं ज्या भुकेवर काहीच नव्हतं तिच्यावर काहीतरी आलं, ही आशा खरी आहे.

सव्वीस वर्षांच्या मुलाची आई शेवटी विचारते, “आमच्यानंतर कोण?” हॉलमधल्या सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठराव्या वर्षानंतरचं पालकत्व कायदेशीररीत्या नेमून घेता येतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून. त्याची प्रक्रिया मी सांगते. परदेशात या आजाराच्या प्रौढांसाठी खास निवासघरं आहेत, जिथे स्वयंपाकघर बंद आणि दिवस आखलेला असतो. आपल्याकडे अशी घरं हवीत, आणि ती उभी करायची तर मागणी याच हॉलमधून सुरू व्हायला हवी. दोन आया पत्रकाचा मसुदा लिहायला तयार होतात.

बैठक संपता संपता मी भावंडांकडे जाते. अकरा वर्षांचा एक भाऊ सांगतो की तो चिप्स मित्राच्या जिन्यात बसून खातो. तो तक्रार करत नाहीये, सांगतोय फक्त. त्याच्या बाबांना मी सुचवते: आठवड्यातून एक संध्याकाळ याची, एकट्याची, बाहेर. भेळ, पाणीपुरी, जे हवं ते. बाबा लगेच वार ठरवतात आणि तो भाऊ तो वार मोबाइलवर नोंदवून घेतो. खात्रीची गरज त्यालाही असते.

रात्री ९.००

व्हिडिओ कॉल. परभणीजवळची एक आई पहिल्यांदा स्वतः इंजेक्शन देणार आहे. पेन धरायचं कसं, मांडीची जागा रोज बदलायची कशी, हे आम्ही संत्र्यावर करून पाहिलं होतं. आज मुलाच्या मांडीवर. तिचा हात थरथरतो, पण सुई बरोबर जाते. मुलगा विचारतो, “उद्या नाश्त्याला काय?” ती भिंतीकडे बोट दाखवते. “वाच.” तो वाचतो आणि झोपायला जातो.

नाशिकहून शेवटचा निरोप आलेला असतो: पोट मऊ आहे, शस्त्रक्रिया लागणार नाही. उद्या दुपारी त्या आईशी बोलायचं आहे. बारशाला कसं जायचं, मुलाच्या सोबत प्रत्येक मिनिट कोण राहील, हे ठरवायचं आहे. समारंभ टाळायचे नाहीत. हातात हात घेऊन जायचं, वेळेवर निघायचं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या इमारतीत, वर्गात, नात्यात असं मूल असेल. कदाचित अजून निदान झालेलं नसेल, आणि त्याला सगळे खादाड म्हणत असतील. बाळ जन्मतः सैल असेल, दूध ओढत नसेल आणि पुढे भूक आवरत नसेल, तर घरच्यांना जनुकीय तपासणीबद्दल सांगा. निदान झालं असेल, तर त्या घरातलं कुलूप पाहून आईबापांना निष्ठुर म्हणू नका. त्या मुलाशी खेळा, बोला, त्याला मैदानावर न्या. आणि त्याच्या हातावर काहीही ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारा. ती नको म्हणाली तर तिच्या बाजूने उभे राहा. तुमचं तेवढं ‘नाही’ त्या घराच्या औषधाचा एक डोस आहे.